खाटेवरच्या पेशंटला प्रार्थनेला बसवावं का? मिशनरी काम आणि आपले सातपुड्यातले पाडे

सातपुडा_पायथा (धागाकर्ता)

नंदुरबार जिल्ह्यात मिशनरींचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो पैसे देऊन बाटवतात, हाकला यांना. दुसरा म्हणतो त्यांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, तुम्ही काय केलं ते सांगा. आणि दोन्हीकडचे बोलणारे बहुतेक धुळे-जळगाव नाहीतर पुण्यात बसलेले असतात, ज्याच्या घरात हे घडतं त्याला कोणी विचारत नाही. म्हणून धागा काढतोय. मी आरोग्य खात्यात आहे, तळोदा-अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात बरीच वर्षं फिरतीची नोकरी झालीये.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण कित्येकांना वाटतं हे सगळं परवाच सुरू झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक खानदेशात आले आणि नवापूरकडे मावची या आदिवासी समाजात त्यांचं काम रुजलं. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल १९४२ सालचं आहे आणि ते अजून चालू आहे. म्हणजे तिकडे पणजोबापासून चर्चला जाणारी घरं आहेत. सातपुड्यातलं चित्र निराळं आहे, तिथं गोरा साहेब कुठंच नाही. परदेशी पैशावर १९७६ पासून कायदा आहे, २०१० ला नवा आला, २०२० ला अजून कडक झाला. आज पाड्यावर जो पास्टर येतो तो बहुतेक आपलाच वसावे, पाडवी नाहीतर पावरा असतो, मोटरसायकलवर येतो, बरोबर ढोलक आणि चार्जिंगचा स्पीकर, आणि भिलीतच बोलतो.

माझा प्रश्न असा. सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) पोरगा, हातापायाचे सांधे दुखून रात्रभर ओरडतोय, बापाने त्याला झोळीत घालून डोंगर उतरवून आणलंय, बापाच्या खिशात काही नाही, आणि अशा वेळी कोणीतरी शेजारी बसून म्हणतो की येशूचं नाव घे, घरातले देव काढ, पोरगा बरा होईल. तो बाप तेव्हा नाही म्हणू शकतो का? माझ्या मते नाही म्हणू शकत. माणसाने धर्म बदलला याचं मला काही वाटत नाही, त्याचा जीव त्याची श्रद्धा. पण ज्या घटकेला समोरच्याला नाही म्हणायची सोय नसते त्या घटकेला त्याला विचारणं मला साफ चुकीचं वाटतं. आणि हे मी एकट्या पास्टरसाठी म्हणत नाहीये. वसतिगृहात पोराला ठेवून घेताना बापाला घरवापसीच्या कार्यक्रमाला बसवणारे पण आहेत, त्यांनाही हेच लागू आहे.

तुमचं मत लिहा. शिवीगाळ नको.

जिभाऊ_शिरपूर

राम राम भाऊ. तुमनं म्हननं बराबर शे, पन तुम्ही लई मऊ लिहिलंय. आमच्याकडे शिरपूरच्या वरच्या पाड्यांत दर आठवड्याला चंगाई सभा (प्रार्थनेने रोग बरा करायची सभा) असते, मंडप टाकतात, आंधळ्याला दिसायला लागलं लंगडा चालायला लागला असं माईकवर सांगतात. भोळ्या लोकांची ही सरळ फसवणूक आहे आणि यावर बंदीच पाहिजे, दुसरा इलाज नाही. आपली संस्कृती संपून राहिली.

नवापूरकर

मी मावची, ख्रिस्ती. "भोळे लोक" हे वाचलं आणि लिहायला बसलो.

जिभाऊ, आमच्या आजोबांना कोणी तांदळाचं पोतं दिलं नव्हतं. त्या काळात गावात सावकार आणि दारूचा ठेकेदार हे दोनच धनी होते, आजोबांचं शेत गहाण, आणि घरात बाटली. पाद्री आला त्याने पहिलं काम काय केलं तर रात्री बसून अक्षरं शिकवली, म्हणून आजोबांना अंगठा कशावर मारतोय ते कळायला लागलं. बाप्तिस्मा त्यांनी खूप वर्षांनी घेतला, मनात आलं तेव्हा. आज माझी बहीण नर्स आहे, मी शाळेत मास्तर आहे, आमची गाणी मावचीत आहेत, पवित्र शास्त्र मावचीत वाचतो. सरकारी शाळेत आमच्या भाषेत एक ओळ कधी शिकवली गेली नाही हो. आम्ही मराठीत नापास होत होतो तेव्हा संस्कृतीची काळजी करणारं कोणी आलं नाही.

आणि आम्ही समाज सोडलेला नाही. माझी मावशी अजून देवमोगऱ्याला जाते, याहामोगीच्या जत्रेला महाशिवरात्रीच्या वेळी, टोपलीत नवं धान्य आणि मोहाची दारू घेऊन. मी तिला गाडीवर सोडतो. पूजेत बसत नाही, बाहेर थांबतो, तिची टोपली उचलून देतो. ती माझ्यासाठी काय मागते ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. आमच्यात भांडण नाही, तुम्ही लावू नका ही विनंती.

धागाकर्त्याच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे. दवाखान्यात औषध आधी.

धडगावचा_पोऱ्या

दादा तुमचं घर नशीबवान. आमचं तसं नाही झालं.

आम्ही पावरा. आमच्याकडे आजाने बोललेला इंदल बाकी होता, म्हणजे नवस होता आणि तो फेडायचा राहिला होता. इंदल म्हणजे एका घराचं काम नसतं, भाऊबंद सगळे मिळून खर्च उचलतात, कळंबाच्या फांद्या आणायच्या, रात्रभर ढोल, गाणी, बोकड, सगळ्या गावाचं जेवण. ठरलं त्या वर्षी माझा काका म्हणाला मी पैसे देणार नाही आणि माझ्या पोरांना पण पाठवणार नाही, कारण पास्टरने सांगितलंय हे सैतानाचं काम आहे. काकाचा ढोल, जो आमच्या पणजोबाचा होता, तो त्याने आधीच देऊन टाकला होता. कोणाला दिला ते आजपर्यंत सांगितलं नाही. माझे बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

मला काकाच्या येशूचा राग नाही. त्याची दारू सुटली हे पण खरं आहे, काकूला मार बंद झाला हे पण खरं आहे. पण आपल्या देवाला सैतान म्हणायला शिकवणं हे कोणत्या प्रेमात बसतं ते मला कोणीतरी सांगा. नवापूरकर दादा तुम्ही मावशीची टोपली उचलता, आमच्या पास्टरने काकाला ते पण करू दिलं नसतं.

नवापूरकर

भाऊ, ढोलाचं वाचून वाईट वाटलं. हे नव्या स्वतंत्र मंडळींमध्ये जास्त आहे, जुन्या मंडळ्यांत इतकं नाही. आमच्या पाळकांनी कोणाच्या देवाला सैतान म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. पण तुमच्या काकाच्या पास्टरने म्हटलं असेल तर तो तुमच्या बाबांचा अपमान आहे आणि ते चूकच आहे.

सिस्टर_अक्कलकुवा

मी पण आरोग्य खात्यातच आहे, एएनएम. तुम्ही सगळे पुरुष देव-धर्म-संस्कृती लिहिताय म्हणून एक गोष्ट लिहिते.

आमच्या भागात बाईला डाकीण ठरवतात. गावात एखादं पोर दगावलं, गुरं मेलं, की भगताकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे जातात आणि तो नाव काढतो. ते नाव बहुतेक विधवेचं असतं नाहीतर जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशा बाईचं. मग तिला मारतात, गावातून काढतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण पोलीस स्टेशन डोंगर उतरून खाली आणि तक्रार करून परत त्याच गावात राहायचंय. अशी एक बाई मी जवळून ओळखते. तिला प्रार्थनेत पहिल्यांदा कोणीतरी शेजारी बसवून घेतलं, तिच्या हातचं पाणी प्यायलं. ती म्हणते तिथं मला कोणी डाकीण म्हणत नाही. तिला मी काय सांगू, की बाई तू संस्कृती सोडलीस? तिला त्या संस्कृतीने हाकललंच होतं.

आता दुसरी बाजू पण मीच सांगते. टीबीच्या गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत खोकला कमी होतो, वजन वाढतं, आणि तेव्हाच कोणीतरी सांगतो की तू प्रार्थनेने बरा झालास, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. पेशंट गोळ्या बंद करतो. मग परत येतो तेव्हा साध्या गोळ्या लागू पडत नाहीत आणि घरातल्या पोरांनाही लागण झालेली असते. मी स्वतः जाऊन एका पास्टरशी बोलले, म्हटलं दादा तू प्रार्थना कर, पण शेवटी एवढं वाक्य बोल की गोळी चालू ठेवा. तो बोलायला लागला. आता त्याच्या सभेतून आलेला पेशंट कोर्स पूर्ण करतो. दुसऱ्या एकाला सांगितलं, त्याने ऐकलं नाही. म्हणजे धर्मापेक्षा तो माणूस कसा आहे त्यावर बरंच अवलंबून आहे, पण माणसाच्या भरवशावर किती दिवस चालायचं?

सातपुडा_पायथा

ताई, मी जे म्हणत होतो ते तुम्ही फार नेमकं लिहिलंत. भगतानेही सापाच्या केसमध्ये पेशंट अडवून ठेवू नये आणि पास्टरनेही टीबीच्या केसमध्ये गोळी सोडायला लावू नये. दोघांना एकच नियम पाहिजे.

वकील_धुळे

कायद्याचं थोडं लिहितो, कारण वर "बंदी" आली आहे.

घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. ओडिशाने १९६७ ला आणि मध्य प्रदेशाने १९६८ ला जबरदस्तीच्या किंवा आमिषाच्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले, ते सुप्रीम कोर्टात गेले आणि १९७७ च्या स्टॅनिस्लॉस केसमध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रसार करायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. म्हणजे सांगायला परवानगी, करवून घ्यायला हक्क नाही. सरसकट प्रार्थनाबंदी मात्र घटनेत बसत नाही जिभाऊ.

आता आदिवासींचं खास. अनुसूचित जातीचा दाखला धर्माला बांधलेला आहे, १९५० च्या आदेशाने फक्त हिंदू, नंतर १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध आले. अनुसूचित जमातीला ती अट नाही, ख्रिस्ती झालेला मावची जमातीतच राहतो. म्हणून डीलिस्टिंगची, म्हणजे धर्म बदललेल्यांना जमातीच्या यादीतून काढायची मागणी होते, ही मागणी साठच्या दशकात कार्तिक उरांव यांनी संसदेत जोरात मांडली होती आणि ते स्वतः आदिवासी होते हे विसरू नका. त्यांचं म्हणणं होतं की शिकलेले ख्रिस्ती सगळ्या जागा घेऊन जातात. मला स्वतःला ती मागणी पटत नाही, कारण जमात ही देवावरून ठरलेली नाही. आणि समजा ठरवलीच, तर गणपती बसवणाऱ्या पाडवीला कुठल्या रकान्यात टाकणार?

जनगणनेत १९४१ पर्यंत आदिवासी धर्माचा वेगळा रकाना होता, १९५१ पासून गेला. झारखंडकडे २०११ ला जवळपास ४९ लाख लोकांनी "इतर"मध्ये सरना, म्हणजे तिकडचा आदिवासी धर्म लिहिलं. आपल्याकडच्या भिल्ल-पावरांना हे कोणी सांगतच नाही.

जिभाऊ_शिरपूर

वकीलसाहेब समजलं. पण चंगाईच्या नावाने खोटं सांगणाऱ्याला काही शिक्षा आहे का नाही? मला तेवढंच पाहिजे.

वकील_धुळे

आहे. चमत्काराने रोग बरा करतो अशी जाहिरात करण्यावर १९५४ पासून कायदा आहे. वापरत कोणी नाही. आणि तो वापरायचा तर सगळ्या बाबा-बुवांवर वापरा, एकाच मंडपावर पोलीस पाठवून चालणार नाही.

तळोदा_आप

आप की जय.

इथे सगळे असं बोलताहेत की आदिवासीपुढे दोनच रस्ते, एक तर पास्टर नाहीतर भगत. मोरवडचे गुलाम महाराज कोणी आठवत नाही का? आमच्या तळोदा तालुक्यातले, आदिवासी घरातले. १९३७-३८ मध्ये त्यांनी सांगितलं दारू सोडा, आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, एकमेकाला "आप" म्हणा. सोमवारच्या आरतीला हजारोंनी लोक यायचे. १९३८ ला महाराज गेले, पुढे भाऊ रामदास महाराजांनी काम चालवलं. तिथं कोणी दवाखाना काढला नव्हता, कोणी परदेशी पैसा आणला नव्हता. त्याच्या आधी १९२२ ला देवी अंगात येण्याची लाट डांग-सुरत-खानदेशात आली, तेव्हाही देवीने हेच सांगितलं, दारू सोडा, दारूवाल्या शेठच्या कामाला जाऊ नका. मग साठ-सत्तरच्या दशकात शहाद्याला अंबरसिंग महाराजांनी भजन आणि मजुरीचा लढा एकत्र केला.

म्हणजे आमच्या लोकांना बदलायला बाहेरचा कोणी लागतोच हे खोटं आहे. माझी तक्रार मिशनरींपेक्षा आपल्या शाळेच्या पुस्तकांवर आहे, माझ्या पोरीला गुलाम महाराज माहीतच नाहीत.

धडगावचा_पोऱ्या

काका मानलं तुम्हाला. पण आपवाल्यांनी पण आमच्या लोकांना बळी देऊ नका, मटण खाऊ नका सांगितलंच ना? आमच्या इंदलमध्ये बोकड लागतो. माझी आजी म्हणायची आपवाले आणि येशूवाले दोघं आमचं जेवण सोडतात.

तळोदा_आप

बेटा खरं आहे. आमच्या घरातही तेव्हा भांडणं झाली होती, आजोबा सांगायचे. फरक मला एवढाच वाटतो की सांगणारा आमच्यातला होता, त्याच्याशी भांडता येत होतं. पण वर धागाकर्त्याने लिहिलंय की आता पास्टरही आपलाच असतो, म्हणून मी यावर विचार करतोय.

जळगाव_ते_पुणे

मूळची जळगावची, इतिहास शिकवते. जगात काय झालं ते थोडं.

सगळ्यात वाईट काय होऊ शकतं ते कॅनडात दिसतं. सरकारने पैसा दिला, चर्चने निवासी शाळा चालवल्या, एकूण दीड लाखाच्या आसपास आदिवासी पोरं आईबापांपासून तोडून तिथं ठेवली, स्वतःची भाषा बोललं तर मार. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ च्या जुलैमध्ये तिथं जाऊन माफी मागितली. दुसरं टोक म्हणजे २०१८ चा अंदमानातल्या सेंटिनेल बेटाचा प्रसंग. १९५६ च्या नियमाने त्या बेटावर जायला बंदी, तरी एक अमेरिकन तरुण बायबल घेऊन गेला आणि मारला गेला. लोक त्याला शहीद म्हणतात नाहीतर मूर्ख म्हणतात, पण त्या बेटावरच्या लोकांच्या अंगात आपल्या साध्या सर्दी-तापाशी लढायची ताकद नाही, त्यांनी बाण मारून स्पष्ट नाही म्हटलेलं होतं, आणि तरी हा परत गेला. मला त्यात धागाकर्त्याचाच मुद्दा दिसतो. नाही म्हटलेलं ऐकायचं नाही, ही खरी हिंसा.

पण याच यादीत चार्ल्स थॉम्पसन हा मिशनरी पण आहे. राजस्थानात खेरवाड्याला भिल्लांमध्ये राहिला, भिली भाषेचं व्याकरण लिहिलं, आणि छप्पन्नच्या (विक्रम संवत १९५६) दुष्काळात, म्हणजे १९०० साली, अन्नछत्रं चालवताना कॉलऱ्याने गेला. छोटानागपुरात हॉफमन नावाच्या जर्मन पाद्र्याचा १९०८ च्या कूळकायद्यात हात होता, त्या कायद्याने आजही मुंडा-उरांवांची जमीन वाचते. आणि व्हेरिअर एल्विन तर १९२७ ला पुण्यात ख्रिस्त सेवा संघात मिशनरी म्हणून आला, नंतर गोंडांत राहायला गेला आणि चर्चच सोडून दिलं, पुढे मिशनच्या कामावर त्यानेच कडक टीका केली. आता या सगळ्यांना "मिशनरी" या एकाच पोत्यात कसं भरायचं?

शेजारचं पण विसरू नका. साक्री-नवापूरला लागून डांग आहे, १९९८ च्या नाताळात तिथं चर्च जाळले गेले. जानेवारी १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयी डांगला आले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी म्हणाले. त्याच महिन्यात ओडिशात कुष्ठरोग्यांचं काम करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान पोरं गाडीत जाळून मारली. नैतिकतेचा हिशोब करायचा तर हाही धरा.

जिभाऊ_शिरपूर

पोरं जाळणं कोणीच मान्य करणार नाही ताई. मी बंदी म्हटलं ते कायद्याने म्हटलं, काठीने नाही. एवढं मात्र सांगतो, तुम्ही सगळे आले लिहायला म्हणून मला डाकीणवालं कळलं. मना गावमा बी आसं व्हयेल शे, आम्ही बोलत नव्हतो त्याच्यावर.

धडगावचा_पोऱ्या

एक खरा प्रश्न विचारतो, वकील साहेबांना आणि सगळ्यांना. आमच्या पाड्यात मागच्या पावसाळ्यात काकाच्या मंडळीतली एक म्हातारी वारली. आम्ही जाळतो, ते पुरतात. गाव म्हणालं गावाच्या जागेत पुरायचं नाही, देवाची जागा जवळ आहे. दुपारपासून रात्रीपर्यंत मयत अंगणात, पाऊस, दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन. शेवटी तिच्या पोराने स्वतःच्या वावरात खड्डा केला. ती म्हातारी माझ्या जन्माच्या वेळी सुईण होती. पुढं परत असं होऊ नये म्हणून काय करता येईल?

वकील_धुळे

बस्तरमध्ये असंच प्रकरण झालं होतं, जानेवारी २०२५ मध्ये ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, मयत जवळपास तीन आठवडे शवागारात, दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि शेवटी दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायला सांगितलं. कोर्टाच्या वाटेला जाऊ नका.

तुमचा पाडा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहे, तिथं पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू आहे. १९९६ चा कायदा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते, रूढी-परंपरा आणि गावची साधनं सांभाळायचा अधिकार तिला आहे. दफनाला जागा कुठं, देवाच्या जागेपासून किती लांब, हे कोणी मेलेलं नसताना ठरवा. आधी लेखी विषय द्या म्हणजे तो अजेंड्यावर येईल, ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्या. बायकांना बोलवा, त्या नसल्या की अशा बैठका मारामारीवर जातात.

नवापूरकर

आमच्याकडे जुनी कब्रस्तानं ठरलेली आहेत म्हणून हा वाद होत नाही. भाऊ, जागा ठरली आणि कुंपणाला, सपाटीकरणाला माणसं लागली तर कळव, आम्ही चार जण येतो. प्रार्थना वगैरे काही घेणार नाही, फक्त काम करू.

सिस्टर_अक्कलकुवा

जागा ठरवताना विहीर आणि झरा बघा, उताराच्या वरच्या अंगाला नको. हे दहनाच्या जागेलाही लागू आहे.

धडगावचा_पोऱ्या

काल काकाकडे गेलो. इंदलनंतर पहिल्यांदाच गेलो त्याच्या घरी. तो म्हणाला ग्रामसभेला येतो पण तुम्ही पुजाऱ्याला पुढं करू नका, मी पण पास्टरला आणणार नाही, घरातलेच बोलू. बाबांना सांगितलं, ते काही बोलले नाहीत, पण म्हणाले नाल्याच्या पलीकडचा तुकडा पडीक आहे, तो दाखव त्याला. विषय आज लिहून ग्रामसेवकाकडे दिलाय. नवापूरकर दादा, तुमचा नंबर धाग्यावर टाकू नका, मेसेजमध्ये पाठवा.